सहाव्या ओळीनंतर

बारा मार्च, मंगळवार. सकाळी हलके धुके, दहानंतर कोरडे ऊन, वारा नाही. त्या दिवसाच्या हवेच्या नोंदीखाली माझ्या वहीत एवढेच लिहिलेले आहे : ‘ताईने पान वाचले. एक वाक्य जास्त.’

तेव्हा मला ही नोंद गमतीची वाटली होती. आता तीन महिन्यांच्या नोंदी एकापुढे एक ठेवून सगळे पुन्हा लिहून काढतो आहे, तेव्हा आधी कामाबद्दल सांगतो.

पाणीपुरवठा खात्याच्या जुन्या टाकीच्या भिंतीत हातभर रुंदीचा एक काळा दगड बसवलेला आहे. त्यावर दहा ओळी कोरलेल्या आहेत. टाकी किती खोल, पायऱ्या किती, झडप कोणत्या बाजूला फिरवायची, असा सगळा कोरडा मजकूर. पण अक्षर असे की पाहत राहावे. प्रत्येक काना खाली येताना किंचित रुंद होतो आणि जिथे छिन्नी बाहेर निघाली तिथे तिरका तुटतो. शिरोरेषा सलग नाही, दर अक्षराची वेगळी आहे, आणि उजव्या टोकाला केसभर उतरती. खात्याची नवी इमारत उभी राहत होती आणि तिथल्या पाट्यांसाठी, पत्रांसाठी त्यांना या दगडावरून आजच्या वापराचा एक फॉन्ट करून हवा होता. ते काम माझ्याकडे आले. मी पंचवीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फॉन्ट करायला मला कुणी शिकवले नाही, चुका करत शिकलो. ज्यावर माझे नाव छापले जाईल असे हे पहिलेच काम होते. तीन वर्षे लागली. ते सात जूनला द्यायचे होते : एक नमुनापुस्तिका, तिच्या शेवटच्या पानावर रचनाकाराचे नाव आणि खाली मुद्रितशोधकाची सही. सहीशिवाय खाते पुस्तिका स्वीकारणार नव्हते.

मुद्रितशोधक घरातच होती. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एकतीस वर्षे तिने एका छापखान्यात प्रुफे वाचली आणि निवृत्त झाल्यापासून ती माझ्याकडे, म्हणजे वर दोन खोल्या आणि खाली माझे कामाचे दालन अशा घरात राहते. दगडाचा ठसा घ्यायलाही तीच बरोबर होती. ओला कागद दगडावर पसरून ब्रशने ठोकायचा, वाळत आला की वरून शाईचा बोळा फिरवायचा; कागद दोन्ही हातांनी ताणून धरायला माणूस लागते. दहापैकी सातवी ओळ कुणीतरी फार पूर्वी छिन्नीने सपाट केलेली होती. ठशात त्या जागी नुसते ओरखडे उमटले. त्या ओळीतून मी एकही अक्षर घेतले नाही.

ताईची वाचायची पद्धत छापखान्यातली आहे. ती छापलेले पान मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट, रिकाम्या जागांसकट. समोरच्याने मूळ प्रत हातात धरायची आणि जुळले की ‘पुढे’ म्हणायचे. ओळीखाली ती लाकडी पट्टी धरते आणि ओळ संपली की पट्टी खाली सरकवते. बारा मार्चला मी तिच्यापुढे नव्या फॉन्टमध्ये जुळवलेले पहिले पूर्ण पान ठेवले. मजकूर माझाच होता, नळ, झडपा, टाक्या यांबद्दलचा, नऊ ओळींचा.

“झडप डावीकडे फिरवावी, पूर्णविराम,” ताईने वाचले.

“पुढे.”

“हे अक्षर माझे नाही, पूर्णविराम.”

मी माझ्या प्रतीत पाहिले. तिथे सातवी ओळ ‘उरलेले पाणी’ अशी सुरू होत होती.

“थांब. काय वाचलंस?”

“जे छापलंय ते.”

“हे अक्षर माझे नाही, असं कुठे छापलंय?”

ताईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “वेलांट्या, सकाळी सकाळी माझी परीक्षा घेऊ नकोस. आमचा फोरमन असंच करायचा. मुद्दाम एखादा काना खायचा आणि मी पकडते का बघत बसायचा. पकडला मी. पुढे.”

लहानपणी मी सगळ्या वेलांट्या दीर्घ काढायचो, म्हणून वेलांट्या. पन्नाशी आली तरी ते नाव सुटलेले नाही. मी हसलो आणि ‘पुढे’ म्हणालो. तिने पान संपवले. नंतर मी ते पान खिडकीशी नेऊन पाहिले. नऊ ओळी होत्या.

दोन दिवसांनी तेच पान पुन्हा छापून तिला दिले, आणि या वेळी मूळ प्रतीकडे न पाहता तिच्या पट्टीकडे पाहत राहिलो. सहावी ओळ संपली, पट्टी खाली सरकली, ताईने ते वाक्य वाचले, पट्टी पुन्हा सरकली. नऊ ओळींच्या पानावर पट्टी दहा वेळा सरकली आणि दहाव्या वेळी बरोबर शेवटच्या ओळीखाली येऊन थांबली. दर वेळी ती किती सरकते हे मी डोळ्यांनी मोजत होतो. सारखीच सरकत होती.

मग मी पद्धतशीर चाचण्या घेतल्या. तोच मजकूर जुन्या, नेहमीच्या फॉन्टमध्ये दिला : ताईने नऊ ओळी वाचल्या. माझ्या फॉन्टमध्ये पाचच ओळी दिल्या : पाच वाचल्या. दुसराच मजकूर, रस्त्यांच्या दुरुस्तीबद्दलचा, माझ्या फॉन्टमध्ये दिला : सहाव्या ओळीनंतर तेच वाक्य, तोच आवाज, तोच पूर्णविराम. पान संगणकावर शंभरपट मोठे करून मी दोन ओळींमधली मोकळी जागा तपासली. अडीच मिलिमीटर, स्वच्छ पांढरी.

माणसाला जे सोपे वाटते तेच आधी सुचते. मला वाटले, ताई खोटे वाचते आहे.

आणि एकदा तसे वाटल्यावर कारणेही सापडू लागली. बाबा पाट्या रंगवायचे. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि ताईला ओळखीने छापखान्यात चिकटवली. खरे तर लहानपणी तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते, हे घरात सगळे म्हणायचे आणि म्हणून सोडून द्यायचे. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. न बोलणारी माणसे मनात ठेवतात. मी तिच्यावर लक्ष ठेवू लागलो. ती खालच्या दालनात किती वाजता येते, किती वेळ थांबते, फोनवर कुणाशी बोलते, हे वहीत लिहू लागलो. दगडाचे ठसे तिने तिच्या कपाटात, तारखेनुसार लावून, मधे पातळ कागद घालून ठेवलेले मला सापडले. मी ते उचलून खाली आणले आणि माझ्या कपाटाला कुलूप लावले.

“कुलूप?” जेवताना ताई म्हणाली. “घरात माणसं दोन. चोर कोण ते सांगून ठेव, म्हणजे मीही सावध राहीन.”

“धूळ बसते म्हणून.”

“कुलपाने धूळ थांबते हे माहीत नव्हतं मला. इतकी वर्षं उगाच फडकी झिजवली.”

एकोणीस एप्रिल, शुक्रवार. ढगाळ, दमट. खात्याच्या अभियंताबाई काम पाहायला आल्या. नेमक्या स्वभावाच्या बाई, बोलताना कागदावर बोट ठेवून बोलणाऱ्या. मी त्यांना काहीही न सांगता पान पुढे केले. त्या मनातल्या मनात वाचत होत्या, ओळीखालून बोट सरकत होते. सहाव्या ओळीनंतर बोट थांबले, बाई किंचित हसल्या, आणि बोट पुढे गेले.

“छान उतरलंय,” त्या म्हणाल्या. “ते मधलं वाक्य गमतीचं आहे. दगड कोरणाऱ्याच्या वतीने टाकलंत का? पण पुस्तिकेत नको हं. लोक प्रश्न विचारतात.”

मी “हो” म्हणालो. दुसरे काय म्हणणार? ताई दारातच पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. बाई गेल्यावर मी ताईच्या फोनमधली कॉलची यादी काढून बघितली. ताईने त्या आठवड्यात खात्याच्या कचेरीत एकदा फोन केला होता, पाण्याच्या दाबाची तक्रार करायला, चार मिनिटे. पाणी खरोखरच दोन दिवस कमी येत होते. तरीही मी ती चार मिनिटे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आता मला असा माणूस हवा होता ज्याला ताई ओळखत नाही. अकरा मे, शनिवार, कडक ऊन. मी बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि एका वळणावर टपरी टाकून बसलेल्या किल्लीवाल्याकडून कपाटाची एक जादा किल्ली करून घेतली. किल्ली घासून होत आली तेव्हा मी पान काढले आणि म्हणालो, चष्मा विसरलोय, एवढे वाचून दाखवाल का.

“मोठ्याने?”

“मोठ्याने.”

त्याने हात पँटला पुसले आणि शाळेतल्या मुलासारखे, शब्द तोडत वाचायला लागला. सहावी ओळ झाली. “हे अक्षर. माझे नाही.” तो थांबला. “मग कुणाचं?”

“ते कुठे लिहिलंय, जरा बोट ठेवाल?”

त्याने अंगठा टेकवला. नखात लोखंडाचा काळा कीस भरलेला, अंगठा पुसूनही तेलकट. “हे काय इथे. साहेब, चष्मा विसरलात म्हणताय, पण नाकावर आहे तुमच्या.”

मी किल्ली घेतली आणि निघालो. बसमध्ये माझ्या डोक्यात एकच विचार होता : ताईला हा पत्ता कुणी सांगितला. मी स्वतः घरातून निघेपर्यंत कुठे जायचे हे ठरवले नव्हते, तरी तो विचार गेला नाही. घरी येऊन पान टेबलावर ठेवले तेव्हा किल्लीवाल्याच्या अंगठ्याचा काळा ठसा दिसला. सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मधोमध होता. मी पितळी फूटपट्टी घेतली. ठशाची उंची अकरा मिलिमीटर. वरच्या ओळीला तो लागत नव्हता, खालच्या ओळीलाही नाही. दोन ओळींमधली जागा अडीच मिलिमीटर. चार वेळा मोजले, दोनदा उजेड बदलून मोजले. चारही वेळचे आकडे वहीत आहेत.

त्या रात्री झोप लागली, हेही लिहून ठेवतो. इतर काही लिहिण्यासारखे नव्हते.

मेच्या शेवटी पुस्तिका तयार झाली. बारा पाने. सातव्या पानावर तो नऊ ओळींचा मजकूर होता. मजकूर बदलून पाहिला, ओळी कमी करून पाहिल्या, पण खात्याला सलग मजकुराचा मोठा नमुना हवाच होता. अठ्ठावीस मेला मी पुस्तिका ताईपुढे सहीसाठी ठेवली. तिने सगळी वाचली, पेनाचे टोपण काढले आणि परत लावले.

“सातव्या पानावरचं वाक्य काढ.”

“तिथे वाक्य नाही, ताई.”

“अभियंताबाईंनीही सांगितलं काढायला. तू हो म्हणालास. माझ्यासमोर.”

“ताई, तुझे डोळे दाखवू आपण.”

ती आवाज न चढवता बोलायला लागली. “एकतीस वर्षांत माझ्या हातून चूक पुढे गेली नाही. एकही. तेवढंच आहे माझ्याकडे. तुझ्याकडे हा फॉन्ट आहे, माझ्याकडे तेवढं आहे. मी काय म्हणते, ते वाक्य ठेवायचं तर ठेव. मला त्याचं काही नाही. पण मग शेवटच्या पानाचं काय? आत म्हणायचं अक्षर माझे नाही, आणि मागे रचनाकार म्हणून नाव लावायचं. दोन्ही खरं कसं? अशा पुस्तिकेवर मी सही करणार नाही.”

“म्हणजे तुला काय म्हणायचंय? माझं अक्षर माझं नाही?”

“मी कुठे म्हणते? कागद म्हणतोय.” तिने पेन खाली ठेवले. “ठसा घेताना कागद कुणी धरला, मापं कुणी लिहिली, ‘ळ’ दगडावर नव्हताच तेव्हा पेन्सिलने कुणी काढून दाखवला, हे मी कधी उगाळलं? नाही ना?”

‘ळ’ मीच काढला. दगडावर एकतीसच अक्षरे होती, बाकीची सगळी मी त्या अक्षरांच्या चालीने नव्याने घडवली, आणि ‘ळ’ला सगळ्यांत जास्त दिवस लागले. मी खाली जाऊन त्या वर्षाची वही काढली. नोंद सापडली. ‘ढगाळ, उकाडा. संध्याकाळी ळ झाला.’ कुणी केला ते लिहिलेले नव्हते. मग मी ‘छ’ पाहिला, ‘ठ’ पाहिला, ‘ढ’ पाहिला. ‘छ झाला.’ ‘ठ झाला, बरा झाला.’ ‘ढ झाला.’ तीन वर्षांच्या नोंदींत एका अक्षरापुढेही ‘मी’ हा शब्द नव्हता. अर्थात माझ्या वहीत मी स्वतःला कशाला लिहीन? वही माझीच आहे.

वर आलो तेव्हा ताई खिडकीशी बसली होती.

“डोळे दाखवू म्हणालास ना,” ती म्हणाली. “चल. पण दोघांचे.”

सहा जून, गुरुवार. पहाटे शिंतोडे, नंतर उघडीप. डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. मी त्यांना फोनवर आधीच सांगून ठेवले होते की बहीण नसलेले वाक्य वाचते, तुम्ही तसे लिहून द्या, म्हणजे मला दुसऱ्या मुद्रितशोधकाची सही घेता येईल. ताईला हे माहीत नव्हते. डॉक्टरांनी आधी भिंतीवरचा तक्ता वाचून घेतला. आम्हा दोघांचा बरोबर आला. मग त्यांनी पुस्तिकेचे सातवे पान लाकडी स्टँडवर लावले, ताईला एकटीला आत घेतले आणि दार लावले. नंतर त्यांच्या परिचारिकेला आत बोलावले. शेवटी मला.

मी वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. वाचले. तिसऱ्या वेळी त्यांनी छडीचे टोक ओळीखाली धरले आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

“तुम्ही इथे थांबता,” ते म्हणाले. छडी सहाव्या ओळीच्या खाली होती.

“थांबत नाही.”

“तिन्ही वेळा थांबलात.”

त्यांनी मोबाइल सुलटा केला आणि आवाज लावला. माझाच आवाज होता, नेहमीपेक्षा थोडा मोठा. झडप डावीकडे फिरवावी. मग शांतता. पंख्याची घरघर ऐकू येत होती, बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली तेही ऐकू आले. त्या शांततेच्या शेवटी कुणीतरी आवंढा गिळला. मग माझा आवाज, उरलेले पाणी.

“चार सेकंद,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या बहिणीला ते वाक्य वाचायला चारच सेकंद लागतात. काय दिसतं तुम्हाला तेव्हा?”

“काही नाही.”

“बरं. काही नाही असं लिहितो.”

त्यांनी लिहून दिलेला कागद माझ्यापुढे आहे. बहीण : दहा ओळी, चूक नाही. परिचारिका : दहा ओळी, चूक नाही. भाऊ : नऊ ओळी, सातवी वाचत नाही, तीनदा वाचून घेतले. खाली त्यांची सही आणि शिक्का आहे. कागद घडी करून मी खिशात घातला. बाहेर बाकावर ताई बसली होती. ती उठली आणि तिने माझ्या शर्टाची वर आलेली कॉलर नीट केली.

सात जून, शुक्रवार. स्वच्छ ऊन, पश्चिमेकडून मंद वारा. सकाळी मी पुस्तिकेचे शेवटचे पान नव्याने छापले. ‘अक्षररचना’ या शब्दापुढे माझे पूर्ण नाव जुळवले, अठरा पॉइंटच्या ठळक टाइपात, आणि छापून आल्यावर एकेक अक्षर भिंगाखाली तपासले. सगळी अक्षरे जागेवर होती. अकरा वाजता ताई खाली आली, खुर्ची ओढून बसली आणि पट्टी घेऊन पहिल्या पानापासून वाचू लागली. मी मूळ प्रत धरून ‘पुढे’ म्हणत राहिलो. सातव्या पानावर तिने दहा ओळी वाचल्या. मी ‘पुढे’ म्हणालो. शेवटच्या पानावर आल्यावर तिने पट्टी ओळीखाली टेकवली.

“अक्षररचना, अपूर्णविराम,” ती म्हणाली. “कोरी जागा.”

तिने माझ्याकडे पाहिले. मी प्रतीत पाहिले. माझे नाव तिथे होते.

“पुढे,” मी म्हणालो.

ताईने सही केली. पुस्तिका खात्याच्या कचेरीत दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पोचली. पोचपावतीवर पाने बारा, मुद्रितशोधकाची सही आहे, रचनाकाराचे नाव नाही, अशी नोंद आहे.